६७५ पट नको, कृत्तिका मावल्या पाहिजेत

बुऱ्हाणपूरला आलेला पाहुणा शाही किल्ला बघतो, कुंडी भंडाऱ्यात उतरतो, माव्याची जिलेबी खातो आणि जामा मशिदीत डोकावून येतो. त्या मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत लेख कोरलेला आहे, तिथे मात्र फार थोडे जण थांबतात. मशीद बांधणाऱ्या फारुकी आदिलशाहाची वंशावळ त्यात आहे आणि शेवटी तारीख आहे. तारीख म्हणजे नुसता दिवस नाही, अख्खं पंचांग. संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी २३ घटींपर्यंत, पुढे एकादशी, सोमवार, कृत्तिका ३३ घटींपर्यंत, पुढे रोहिणी, रात्रीच्या ११ घटी सरल्यावर कन्या लग्न.

साहित्याचा विद्यार्थी असल्यामुळे मला हा मजकूर आधी मजकूर म्हणूनच आवडला. पण तो उलगडत गेलं तर चक्क आकाशाचा फोटो निघतो. एक घटी २४ मिनिटांची. हिवाळ्यातला दिवस साधारण २७ घटींचा, त्यात रात्रीच्या ११ मिळवल्या की सूर्योदयापासून ३८ घटी होतात. कृत्तिका ३३ ला संपली, म्हणजे चंद्राला रोहिणीच्या भागात शिरून जेमतेम दोन तास झाले होते. रात्रीचे सव्वादहा वाजलेले, एकादशीचा चंद्र माथ्यावरून पश्चिमेला थोडा कललेला, त्याच्या एका बाजूला कृत्तिकांचा पुंजका, दुसऱ्या बाजूला तांबूस रोहिणी आणि पूर्वेला कन्या रास उगवते आहे. ही ५ जानेवारी १५९० ची रात्र. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सुधारलेल्या, म्हणजे आजच्या आपल्या कॅलेंडरने १५ जानेवारी. कुठल्याही जानेवारीत तापीकाठच्या राजघाटावर उभं राहिलं तर चंद्र सोडून बाकी सगळं त्याच वेळी जवळपास तिथेच सापडेल.

तेव्हा दुर्बीण नव्हती. गॅलिलिओने ती आकाशाकडे वळवली १६०९ मध्ये, या लेखानंतर १९ वर्षांनी. आज मोबाइलच्या किमतीत दुर्बीण घरी येते, आणि नाताळच्या किंवा बारावीच्या निकालाच्या निमित्ताने ती घ्यायची का, कुठली घ्यायची, हा प्रश्न आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी निघतो. माझं उत्तर असं की दुकानदाराला फक्त एवढं विचारा: "हिच्यातून अख्ख्या कृत्तिका एकदम दिसतील का?"

हा प्रश्न ऐकून तो बहुतेक गोंधळेल, कारण खोक्यावर वेगळंच छापलेलं असतं. "६७५ पट!" हा आकडा येतो कुठून ते बघा. दुर्बीण किती पट मोठं दाखवते हे एका साध्या भागाकाराने कळतं: दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर. दोन्ही मिलिमीटरमध्ये त्यांच्या अंगावरच लिहिलेली असतात. नाभीय अंतर म्हणजे भिंग किंवा आरसा प्रकाश किती लांबीवर एकत्र आणतो ते. समजा दुर्बिणीचा आरसा ११४ मिलिमीटर व्यासाचा आणि नाभीय अंतर ९००. सोबत ४ चा आयपीस. ९०० भागिले ४ म्हणजे २२५. मग खोक्यात एक तीनपट बार्लो भिंग टाकलं की २२५ गुणिले ३ बरोबर ६७५. गणित बरोबर, दुर्बीण मात्र त्या आकड्याला पुरी पडत नाही. कारण आरसा जेवढा प्रकाश गोळा करतो तेवढाच. तो जितका पसरवाल तितका अंधुक होत जातो. व्यवहारातला नियम असा की व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरला जास्तीत जास्त दोनपट. ११४ च्या आरशाला सव्वादोनशेच्या आसपास, तेही हवा अगदी शांत असेल तर. त्यापुढे गुरू म्हणजे पाण्यात पडलेल्या बटाट्यासारखा दिसतो.

शिवाय आकार वाढला की खिडकी लहान होते, आणि हे खोक्यावर कुणी छापत नाही. प्रत्येक आयपीसला स्वतःचं एक दृष्टिक्षेत्र असतं, साध्या आयपीसचं ४० ते ५० अंश. त्याला पटींनी भागलं की आकाशाचा किती तुकडा दिसणार ते कळतं. ६७५ पटीला ४० अंश भागले तर जेमतेम साडेतीन कला. पूर्ण चंद्र ३१ कलांचा, म्हणजे चंद्राच्या रुंदीचा नववा भाग दिसणार. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारा ती खिडकी चौदा सेकंदांत ओलांडून जाईल. शोधण्यात पाच मिनिटं जाणार आणि बघायला चौदा सेकंद मिळणार! घराघरांत माळ्यावर पडलेल्या दुर्बिणी अशाच तिथे पोचल्या असाव्यात. मुलाला वाटतं आपल्याला जमत नाही. वडिलांना वाटतं पैसे वाया गेले. आणि त्या घरात आकाशाचा विषय पुन्हा निघत नाही.

आता कृत्तिका. डोळ्यांना दिसणारा तो पुंजका साधारण एक अंशाहून थोडा जास्त पसरलेला आहे, चंद्राच्या दुपटीपेक्षा अधिक. ९०० नाभीय अंतराच्या दुर्बिणीत २५ चा आयपीस घातला तर ३६ पट आणि खिडकी १.४ अंश: कशाबशा मावतात. ६५० च्या दुर्बिणीत तोच आयपीस २६ पट आणि १.९ अंश देतो, पुंजक्याभोवती थोडं काळं आकाशही दिसतं, आणि खरी शोभा त्या काळ्या कडेमुळेच आहे. १० चा आयपीस लावला की ९०० च्या दुर्बिणीत ९० पट, खिडकी अर्ध्या अंशाची, आणि मग पुंजका नाहीसा होऊन दोन-तीन सुटे तारे उरतात. गॅलिलिओची चांगली दुर्बीण वीसेक पटीची होती आणि तिची खिडकी इतकी अरुंद की अख्खा चंद्रही एकदम दिसत नसे. तरी त्याने नळी सरकवत सरकवत कृत्तिकांमध्ये सहा ठळक ताऱ्यांच्या जोडीला आणखी ३६ तारे नोंदवले आणि १६१० च्या पुस्तकात त्याचं चित्र छापलं. वीस पटीत!

त्याच वर्षाची आणखी एक गोष्ट. ग्रेगरींच्या कॅलेंडर सुधारणेत ज्यांचं मोठं काम होतं ते येशूसंघीय गणिती क्रिस्तोफर क्लावियस तेव्हा रोममध्ये शिकवत होते. गुरूच्या चंद्रांवर त्यांचा आधी विश्वास बसला नाही. चर्च विरुद्ध विज्ञान असं एका ओळीत उरकायची आपल्याला सवय आहे, पण इथे साधी अडचण अशी होती की त्यांच्याकडच्या दुर्बिणीतून ते नीट दिसतच नव्हते. रोमच्या कॉलेजात अधिक चांगली दुर्बीण आली, त्यांनी स्वतः पाहिलं, आणि डिसेंबर १६१० मध्ये गॅलिलिओला तसं कळवलं. चांगली भिंगं आणि स्थिर बैठक यांनी मत बदलतं.

म्हणून घेताना आधी व्यास बघा, मग बैठक, आणि पटींचा आकडा सगळ्यात शेवटी. प्रकाश व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: ७० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा १३० चा आरसा जवळजवळ साडेतीनपट प्रकाश गोळा करतो. भिंगाच्या दुर्बिणीला देखभाल कमी, चंद्र आणि ग्रहांना छान. ७० व्यास आणि ७०० नाभीय अंतराची दुर्बीण मी कुणाच्याही हातात निर्धास्त देईन. आरशाच्या दुर्बिणीत तेवढ्याच पैशांत व्यास जास्त मिळतो, पण आरसे अधूनमधून जुळवावे लागतात.

बैठकीकडे लोक लक्षच देत नाहीत. ॲल्युमिनियमच्या काटकुळ्या तिपाईवर फोकसच्या चाकाला बोट लावलं तरी शनी थरथरतो. याला सगळ्यात स्वस्त उपाय शोधला तो एका संन्याशाने. जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात होता. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून त्याने आरसे केले, आणि प्लायवुडच्या पेटीत डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरणारी दुर्बीण बसवून ती तो शेजाऱ्यांना दाखवत फिरला. या नादापायी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी फुटपाथवर दुर्बिणी मांडणारी मंडळी त्याच्याभोवती जमली. ती पेटी आज जगभर डॉब्सोनियन म्हणून विकली जाते. टेबलावर ठेवायची १३० व्यासाची, ६५० नाभीय अंतराची डॉब्सोनियन माझ्या मते आपल्यासारख्यांची दुर्बीण. विषुववृत्तीय बैठक दिसायला रुबाबदार, पण फोटो काढायचे नसतील तर पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नये.

आणि एवढेही पैसे नसतील तर १० बाय ५० चा बायनॉक्युलर घ्या. त्याची खिडकी सहा अंशांच्या पुढे, कृत्तिका आरामात मावतात. मुंबईचं खगोल मंडळ किंवा पुण्याची १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था यांच्या आकाशदर्शनाला एकदा जाऊन दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून बघून येणं, हा तर त्याहून शहाणा खर्च.

आयपीसबद्दल थोडं सविस्तर, कारण फसवणूक इथेच जास्त. मराठीत त्याला नेत्रिका असा सुंदर शब्द आहे, पण दुकानात तो उच्चारलात तर समोरचा तुमच्याकडे बघत राहील. स्वस्त दुर्बिणीसोबत बहुतेक एच २० आणि एसआर ४ असे दोन येतात. ही अक्षरं भिंगांच्या फार जुन्या रचनांची. एच २० वर काम चालतं; एसआर ४ म्हणजे सुईच्या नेढ्यातून सिनेमा बघणं. तो बाजूला ठेवा आणि प्लॉसल जातीचा २५ चा किंवा २० चा एक आयपीस घ्या. घेण्याआधी नळीची जाडी मोजा: हल्लीचं प्रमाण सव्वा इंची आहे, काही जुन्या आणि खेळण्यातल्या दुर्बिणी त्याहून बारीक असतात आणि त्यात चांगला आयपीस बसतच नाही. ग्रहांसाठी नंतर १० चा घ्यावा. दोनपट चांगला बार्लो घेतला तर २५ चा साडेबाराही होतो, म्हणजे दोनाचे चार आयपीस.

चष्मेवाल्यांनी आणखी एक बघावं. प्लॉसलमध्ये डोळा भिंगापासून जेवढा दूर ठेवता येतो ते अंतर नाभीय अंतराच्या ७० टक्क्यांच्या आसपास असतं. २५ च्या आयपीसला १७ मिलिमीटर, चष्म्यासकट जमू शकतं. ४ च्या आयपीसला तीनच मिलिमीटर, पापण्याच घासतात. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की झालं. तिरपा नंबर असेल तर चष्मा हवाच.

आणल्या आणल्या रात्रीची वाट बघू नका. दुपारी, सूर्याकडे पाठ करून, लांबचा मोबाइल टॉवर आधी २५ च्या आयपीसमध्ये मधोमध आणा. मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तोच टॉवर त्याच्या फुलीवर आणा. हे दहा मिनिटांचं काम केलं नाही तर रात्री आकाशात काहीच सापडत नाही. रात्री दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, काच आणि हवा एका तापमानाला येऊ द्या. आणि गच्चीचा मोह टाळा. बुऱ्हाणपूरच्या उन्हात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफा सोडत असतो, तव्यावरून बघितल्यासारखं सगळं हलतं. केळीच्या बागेलगतची मोकळी जमीन बरी, तिथे पॉवरलूमच्या वस्तीतले दिवेही आड येत नाहीत. हिवाळ्यात तापीकाठी दव पडतं, तेव्हा पुढच्या तोंडाला काळ्या पुठ्ठ्याची नळी लावा. आरशावर धूळ दिसली तरी ओढणीने किंवा रुमालाने पुसू नका, ओरखडे कायमचे राहतात. हवेचा रबरी फुगा पुरे.

फोकस फिरवताना तारा मोठा थाळीसारखा झाला की "जवळ आला!" असं ओरडणारा एक जण प्रत्येक घोळक्यात असतो. तारा जितका बारीक टिंब, तितका फोकस बरोबर. मात्र ती थाळी आरसे जुळले आहेत का हे बघायला उपयोगी पडते. ध्रुवतारा धरा, कारण तो खिडकीतून पळून जात नाही. बुऱ्हाणपुरात तो उत्तरेला क्षितिजापासून २१ अंशांवर मिळेल. फोकस थोडा बिघडवा. थाळीच्या मधोमध काळा ठिपका दिसला तर सगळं ठीक. तो एका बाजूला सरकलेला असेल तर मागच्या आरशाचे स्क्रू अगदी पाव-पाव फेरा फिरवत, दर वेळी तारा पुन्हा मध्ये आणून बघत, तो मध्ये आणायचा.

दक्षिणेचं आकाश ही आपल्या गावाची कमाई. ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा प्रचंड गोळा आपल्याकडे ध्रुवाएवढाच उंच येतो, २१ अंश, आणि युरोपात बहुतेक ठिकाणी तो उगवतच नाही. मे महिन्यात रात्री, २५ च्याच आयपीसने. त्याच सुमाराला दक्षिण क्षितिजालगत मित्र तारा, म्हणजे अल्फा सेंटॉरी, जेमतेम आठ अंश वर येतो. तो एक नसून दोन तारे आहेत हे पहिल्यांदा दिसलं तेही भारतातच: डिसेंबर १६८९, पाँडिचेरी, येशूसंघीय फादर रिशो एक धूमकेतू बघत होते. इथे मात्र १० चा आयपीस लावावा लागेल.

सूर्याचं शेवटी सांगतो, पण दुर्बीण कुणाही लहानग्याच्या हातात देण्याआधी हे करा. खोक्यात आयपीसला फिरवून बसवायची काळी काच निघाली, तिच्यावर सूर्याचं नाव असेल, तर ती फोडून टाका. दुर्बिणीने एकवटलेल्या उन्हाने ती तडकते, आणि तेव्हा डोळा तिथेच असतो. गाळणी नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, सूर्यासाठीच बनवलेली आणि घट्ट बसणारी हवी. फाइंडरचं झाकण बंद. २ ऑगस्ट २०२७ ला भारताच्या पश्चिम भागातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. ती गाळणी आत्तापासून मागवून ठेवा.