रणभूमीवरील शल्यवैद्य : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

आपल्या साखरखेर्ड्याचे नाव इतिहासात आले ते 1724 च्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्कने येथे मुबारिझखानाचा पराभव केला. खान रणातच पडला. जिंकणाऱ्याचे नाव राहिले, पडलेल्या सेनापतीचेही राहिले. जखमींचे पुढे काय झाले, याची आठवण मात्र गावात कोणी सांगत नाही. अशा जखमींसाठी ज्याने प्राण वेचले, त्या मराठी शल्यवैद्याची ओळख या स्मरणिकेत असावी, असे आम्हांस वाटले.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. 1937 मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली आणि सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, 1938 मध्ये, पाच डॉक्टरांचे पथक निघाले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, विदर्भातील वाचकांनी हे नाव विसरू नये. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरी परतणे त्यांना शक्य होते. ते पुढे यानानला गेले.

युद्धातील शल्यवैद्याचा खरा शत्रू म्हणजे विलंब. रक्त वाहत राहते, जखमेत माती व कापडाचे तुकडे अडकतात आणि काही तासांतच विषार शरीरात पसरू लागतो. पेनिसिलिन तेव्हा तेथे नव्हतेच. म्हणून जखमीला दूरच्या रुग्णालयात नेण्याऐवजी शस्त्रक्रियाच आघाडीजवळ न्यावी, हा मार्ग कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनी तेथे रुजवला होता. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन नोव्हेंबर 1939 मध्ये त्यांचा अंत झाला. उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात तेच काम कोटणीसांनी पुढे चालविले. 1940 च्या एका लढाईत त्यांनी सलग 72 तास, झोपेविना, शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी 1941 मध्ये बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. चिनी भाषा शिकून ते त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवीत. एकट्या डॉक्टरचे हात किती जखमींना पुरणार?

विनयपिटकात अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. इतरांच्या उपयोगाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते; तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले. कोटणीसांनी ही कथा वाचली होती की नाही, याने फारसा फरक पडत नाही. ज्यांच्याशी नाते नाही, भाषाही नाही, अशांच्या जखमा त्यांनी धुतल्या, एवढे आमच्या शाळेतील मुलांना सांगण्यास पुरे आहे.

1941 मध्ये परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. अतिश्रमाने खंगलेल्या शरीराला अपस्माराचे झटके येत होते. तरी शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकाचे लेखन थांबले नव्हते. 9 डिसेंबर 1942 रोजी ते गेले, तेव्हा त्यांचे वय 32 होते आणि बाळ चार महिन्यांचेही नव्हते. पथकातील इतर चौघे मायदेशी परतले. पुस्तक अपुरे राहिले. चीनमधील शिजियाझुआंग येथे आज त्यांच्या नावाने वैद्यकीय विद्यालय चालते.