शिरूरची वाट, दौंडची वाट : दोन राउटरांवर इंटरनेटचा भार कसा वाटायचा

आज एकच प्रश्न घेऊ. इंटरनेटच्या दोन लाइन घेतल्या, दोन राउटर लावले, राउटिंग प्रोटोकॉलही चालू केले. तरी रात्री नऊला एक लाइन तुंबते आणि दुसरी रिकामी वाहते. असं का होतं?

उदाहरणाला शिरूर आणि दौंड घेऊ. नेटवर्क मनातलं आहे, भूगोल मात्र खरा. शिरूर घोडनदीच्या काठी, पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर. तिथं रेल्वे नाही. दौंड भीमेच्या काठी, रेल्वेचं मोठं जंक्शन. आणि रेलटेलची फायबर रुळांच्या कडेनं जाते हे आपल्याला माहीत आहेच. समजा, एका स्थानिक इंटरनेटवाल्याची गिऱ्हाइकं दोन्ही गावांत आहेत. शिरूरच्या राउटरला एका कंपनीची १ जीबीपीएसची लाइन, दौंडच्या राउटरला दुसऱ्या कंपनीची तेवढीच. आणि न्हावरे–चौफुला रस्त्यानं दोन्ही राउटरांना जोडणारी स्वतःची फायबर. या तिसऱ्या तारेकडे लक्ष ठेवा.

घराच्या आतल्या वाटा ठरवतो ओएसपीएफ. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली सर्वांत जवळची वाट काढायची रीत तो वापरतो. घराबाहेर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांशी बोलायला बीजीपी. हा १९८९चा, आज वापरात आहे ती त्याची चौथी आवृत्ती. आता मुद्द्याची गोष्ट : या दोघांपैकी कुणीही लाइनवर किती गर्दी आहे ते बघत नाही. वाट आहे की नाही आणि किती लांब आहे, एवढंच ते बघतात. शिरूरची लाइन ९८ टक्के भरली तरी बीजीपीच्या लेखी ती ठणठणीत असते. भार वाटणं हे माणसाचं काम, प्रोटोकॉल फक्त हत्यार पुरवतो.

बाहेर जाणारा ओघ आपल्या हातात असतो. दोन्ही राउटरांनी ओएसपीएफमध्ये ‘बाहेर जायचंय? माझ्याकडे या’ असं सांगितलं, की आतला प्रत्येक राउटर जवळच्या दारानं बाहेर पडतो. दोन्ही दारं सारख्याच अंतरावर असली तर निम्मं-निम्मं वाटतो. इथंही एक गंमत आहे. हे वाटप पाकिटागणिक नसतं, संभाषणागणिक असतं. एकाच डाउनलोडची पाकिटं दोन वाटांनी पाठवली तर ती मागेपुढे पोहोचतात आणि टीसीपीचा वेग पडतो. म्हणून दोन लाइन घेतल्यानं एका माणसाचं एक डाउनलोड दुप्पट वेगानं होत नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पण घरगुती गिऱ्हाईक पाठवतं कमी आणि खेचतं जास्त. व्हिडिओ बाहेरून आत येतो. तेव्हा बाहेर जाणारा ओघ कितीही नीट वाटला तरी तुंबलेली लाइन तुंबलेलीच राहते. आत येणारा ओघ कोणत्या दारानं यायचा ते बाहेरचं जग ठरवतं. आपण फक्त विनंती करू शकतो.

एक विनंती म्हणजे एका दारावर आपला एएस क्रमांक दोन-तीनदा लिहून वाट मुद्दाम लांब दाखवायची. कधी चालते, कधी नाही. समोरच्या कंपनीनं आपल्याच पसंतीला अग्रक्रम दिला असेल तर ती लांबी कुणी बघतच नाही. जास्त भरवशाची रीत वेगळी आहे. आपल्याकडे /२३ म्हणजे ५१२ पत्त्यांचा गट आहे असं धरू. त्याचे २५६-२५६ चे दोन /२४ तुकडे करा. पहिला तुकडा फक्त शिरूरहून जाहीर करा, दुसरा फक्त दौंडहून, आणि अख्खा /२३ दोन्हीकडून. जगातला प्रत्येक राउटर जास्त नेमका पत्ता आधी धरतो. म्हणून पहिल्या तुकड्याचा ओघ शिरूरला येतो, दुसऱ्याचा दौंडला. एखादी लाइन तुटली की तिथला तुकडा मागे घेतला जातो, मोठा /२३ दुसऱ्या दारावर उरतो आणि ओघ तिकडे वळतो. /२४ पेक्षा बारीक तुकडे करू नका, बहुतेक कंपन्या ते स्वीकारत नाहीत.

आता आकडे मांडू. रात्री नऊला शिरूरची गिऱ्हाइकं ८०० एमबीपीएस खेचतात, दौंडची ३००. बरोबरी करायची तर शिरूरच्या २५० एमबीपीएसइतक्या गिऱ्हाइकांना दुसऱ्या तुकड्यातले पत्ते द्यायचे. त्यांचा ओघ दौंडला उतरेल आणि चौफुल्याच्या फायबरनं शिरूरला येईल. दोन्हीकडे ५५०. छान दिसतं!

पण ही मधली तार तुटली तर? बाहेरच्या दोन्ही लाइन चालू, दिवे हिरवे, आणि शिरूरची ती गिऱ्हाइकं मात्र बंद. त्यांचा ओघ दौंडला येऊन थांबतो. म्हणून आमचं मत असं, की मधली तार दुहेरी नसेल तर पत्त्यांची सरमिसळ करू नका. थोडी असमान वाटणी परवडली. शिवाय ती तार जाड हवी. शिरूरची बाहेरची लाइन गेली तर अख्खे ८०० तिच्यावरून येणार.

आणि ५५० अधिक ५५० म्हणजे ११००. एक लाइन गेली तर उरलेल्या १००० मध्ये ते मावत नाहीत. नऊ वाजता गेलीच, तर सगळ्यांनाच थोडं थोडं संथ होणार. परीक्षेचा अर्ज भरणारा आणि सिनेमा बघणारा यांत बीजीपी फरक करत नाही. तो फरक रांगेच्या नियमांत आपल्यालाच आधी लिहून ठेवावा लागतो.

तुटल्याचं कळायलाही वेळ लागतो. काही राउटरांवर बीजीपी मूळ मांडणीप्रमाणे १८० सेकंद वाट बघतो. तीन मिनिटं ओघ खड्ड्यात! बीएफडी लावला तर हेच एका सेकंदाच्या आत कळतं. समोरच्या कंपनीनं मात्र तो चालू करायला हवा.

शेवटी लाइन घेण्याआधीचा प्रश्न. शिरूरची फायबर शिक्रापूर–वाघोलीवरून पुण्यात शिरते, दौंडची उरुळी कांचन–लोणीवरून. पुण्यात पोहोचल्यावर दोन्ही एकाच चरात, एकाच इमारतीत जातात का? कंपन्या दोन असल्या तरी चर एक असू शकतो, आणि जेसीबीला कंपन्यांची नावं वाचता येत नाहीत. दोन्ही कंपन्यांकडून वाटेचा नकाशा मागून घ्या आणि एकावर एक ठेवून बघा. त्यानंतर एखाद्या पहाटे, गिऱ्हाइकांना आधी कळवून, शिरूरची तार स्वतःच्या हातानं उपसा. मग दौंडची. मग मधली.