काखेत कळसा, पडदाभर वळसा

पडद्यावर जुन्या हवेलीतली अडगळीची खोली. मोडकी खुर्ची, व्हायोलिन, पुस्तकांचे ढीग, गंजलेले कंदील, बाहुल्या, बरण्या. खाली दहा-बारा वस्तूंची यादी: किल्ली, कात्री, मोरपीस, शिंपला. वस्तू दिसली की क्लिक करायचं, यादीतलं नाव खोडलं जातं. हिडन ऑब्जेक्ट गेम म्हणजे एवढंच. ना धावपळ, ना गोळीबार. कामं उरकल्यावर चहाचा कप घेऊन निवांत बसणाऱ्या माझ्यासारख्या हौशी खेळाडूंचा हा लाडका प्रकार.

पण यात चक्रावून टाकणारी एक गोष्ट आहे. कात्री कशाच्याही आड नसते. ती उघड्यावर, पुऱ्या उजेडात पडलेली असते. आपण पाच पाच मिनिटं तिच्यावरून नजर फिरवतो आणि ती दिसत नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तो असा. हे होतं तरी कसं?

चित्रात वस्तू लपवण्याचा खेळ कॉम्प्युटरच्या आधीपासूनचा आहे. अमेरिकेत १९४६ मध्ये सुरू झालेल्या ‘हायलाइट्स’ या मुलांच्या मासिकाचं ते ठरलेलं सदर. १९८७ मध्ये ब्रिटनच्या मार्टिन हँडफर्ड यांनी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा वॉली पुस्तकातल्या गर्दीत सोडून दिला. १९९२ मध्ये वॉल्टर विक यांची छायाचित्रं आणि जीन मार्झोलो यांची यमकातली कोडी घेऊन ‘आय स्पाय’ आलं. कॉम्प्युटरवर या प्रकाराला बहर आला तो २००५ मध्ये, सिअ‍ॅटलच्या बिग फिश गेम्सच्या ‘मिस्टरी केस फाइल्स: हंट्सव्हिल’मुळे. पुढच्याच वर्षी त्याच मालिकेत ‘रेव्हनहर्स्ट’ आला आणि शोधाशोधीला पछाडलेल्या वाड्याची गोष्ट जोडली गेली. तेव्हापासून भुताटकीची हवेली, हरवलेली बहीण आणि पोलिसांनी हात टेकल्यावर बोलावलेला डिटेक्टिव्ह हा मसाला ठरून गेला आहे. गोष्ट बहुधा यथातथाच असते. मी तरी ती भराभर पुढे ढकलते आणि थेट अडगळीत शिरते.

आपल्याला वाटतं, डोळे उघडले की समोरचं सगळं दिसतं. खरं तर स्पष्ट असं फारच थोडं दिसतं. दृष्टिपटलाच्या मध्यावर एक बारीकसा खळगा असतो आणि बारकावे टिपणाऱ्या पेशींची सगळ्यात जास्त दाटी तिथे असते. हात पूर्ण लांब करून अंगठा समोर धरा. त्याच्या नखाआड जेवढी जागा जाते, साधारण तेवढ्याच जागेचं चित्र त्या खळग्यात उमटतं. तिथून दूर जावं तसतसा बाकीचा पसारा धूसर होत जातो. ही उणीव भरून काढायला डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारतात. उडी चालू असताना मेंदू दृश्य जवळपास दाबून टाकतो, म्हणून आपल्याला जग हिंदकळताना दिसत नाही. थोडक्यात, त्या अडगळीच्या खोलीत आपण छोटी बॅटरी घेऊन शिरलेलो असतो आणि दिवे लागलेत अशा थाटात वावरत असतो.

मग झोत पुढे कुठे टाकायचा, हे ठरतं कशावरून? १९८० मध्ये अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांनी याचा एक सुंदर उलगडा मांडला. हिरव्या रेघांमध्ये एकच लाल रेघ असेल तर ती झटकन डोळ्यांत भरते. हिरव्या दहा असोत की तीस, वेळ जवळपास तेवढाच. पण लाल आणि हिरव्या, उभ्या आणि आडव्या रेघांची सरमिसळ करून त्यातून ‘लाल आणि उभी’ अशी एकच रेघ शोधायला सांगा. आता भर पडेल तसा वेळ वाढत जातो. रंग, दिशा अशी सुटी लक्षणं मेंदू सगळीकडे एकदम टिपतो. ती जोडून अमुक एक वस्तू ओळखायची तर लक्ष एकेका जागी न्यावं लागतं.

गेमचे चित्रकार नेमके इथेच आपल्याला गाठतात. तांबूस किल्ली ते तांबूस व्हायोलिनवर ठेवतात. झालं, रंगावरून सापडण्याची वाट बंद. कात्रीचं पातं तसबिरीच्या चौकटीला चिकटवून, तिच्याच दिशेने ठेवतात. सलग जाणारी रेघ एकाच वस्तूची, असं आपली नजर धरून चालते, त्यामुळे पातं चौकटीत विरघळून जातं.

याहून भन्नाट युक्ती मापाची आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा शाखेतल्या मिगेल एक्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना बाथरूमसारख्या नेहमीच्या जागांची चित्रं क्षणभर दाखवून टूथब्रशसारख्या वस्तू शोधायला सांगितल्या. नेहमीच्या मापाचा ब्रश लोकांना सापडत होता. तोच ब्रश अवाढव्य करून ठेवला की मात्र तो जास्त वेळा निसटत होता. मोठी वस्तू, म्हणून दिसत नाही! प्रतिमा ओळखणाऱ्या कॉम्प्युटर-प्रणालींची अशी फसगत झाली नाही. आपला मेंदू बाकीच्या सामानावरून अंदाज बांधतो की ब्रश असलाच तर एवढा असेल, आणि त्या मापात न बसणारं सगळं परस्पर बाद करतो. रोजच्या जगण्यात हा शहाणपणा आहे. त्यामुळेच हजारो निरर्थक गोष्टींत वेळ जात नाही. गेममध्ये मात्र गाढव पेल्याएवढं असतं आणि चमचा खिडकीएवढा, आणि आपण फसतो.

यावर एक साधा उपाय आहे. गॅरी लुपियन आणि डॅनियल स्विंग्ली यांना २०१२ मधल्या प्रयोगांत आढळलं की शोधायच्या वस्तूचं नाव तोंडाने म्हटलं तर ती लवकर सापडू शकते. विशेषतः नाव घेताच जिचं रूप डोळ्यांपुढे उभं राहतं अशी वस्तू. तेव्हा घरचे हसले तरी हसू देत, ‘मोरपीस, मोरपीस’ असं खुशाल पुटपुटत बसावं.

इतके गेम खेळल्यावर माझं मत असं झालंय की लपवणूक दोन जातींची असते. वस्तू सापडल्यावर ‘अगं बाई, इथेच तर होती!’ असं वाटलं तर ती प्रामाणिक. ‘हे कुणाच्या बापाला दिसणार होतं?’ असं वाटलं तर ती लबाड. काळोख्या कोपऱ्यात काळी टोपी ठेवायची, पिशवीतून सुरीचं नुसतं टोक बाहेर काढायचं, यात कसब कसलं? मोबाइलवरच्या काही गेमची तऱ्हा तर त्याहून वाईट. ऐन रंगात आल्यावर ‘एनर्जी’ संपते. थांबा, नाहीतर पैसे मोजा.

मधूनमधून येणाऱ्या कोड्यांनाही हाच न्याय. तुकडे सरकवून चित्र जुळवण्याचं कोडं अशा गेममध्ये हटकून भेटतं. त्याचा पूर्वज म्हणजे १ ते १५ आकड्यांच्या ठोकळ्यांचं कोडं. १८८० मध्ये त्याने अमेरिका आणि युरोपला वेड लावलं होतं. पुढे सॅम लॉइड यांनी फक्त १४ आणि १५ यांची अदलाबदल करून दाखवणाऱ्याला १००० डॉलरचं बक्षीस लावलं. ते कुणाला मिळणारच नव्हतं. ठोकळ्यांच्या एकूण मांडण्यांपैकी निम्म्या कधीच सुटत नाहीत, हे १८७९ मध्येच गणिताने सिद्ध झालं होतं. शहाणा गेमकर्ता म्हणून जुळलेल्या चित्रापासून सुरुवात करतो आणि नियमाने तुकडे सरकवत ते विस्कटतो. ज्या वाटेने विस्कटलं, त्या वाटेने परत येता येतंच.

मला वाटतं, या खेळाचं मर्म या खात्रीत आहे. यादी म्हणजे वचन असतं: वस्तू आहे, फक्त तुला दिसायची आहे. म्हणून आपण हार न मानता बघत राहतो. हे वचन काढून घेतलं तर काय होतं, ते जेरेमी वोल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. निम्म्या चित्रांत वस्तू असायची तेव्हा ती सुमारे ७ टक्के वेळा निसटली. शंभरातल्या एकाच चित्रात असायची तेव्हा निसटण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. डोळे तेच, वस्तू त्याच. असण्याचा भरवसा तेवढा गेला होता.

विमानतळावर सामानाच्या एक्स-रेसमोर बसणाऱ्यांची नोकरी या बिनभरवशाच्या जातीची. हजारो बॅगांत बंदूक नसते, आणि नाहीच म्हणून बघणारा डोळा असलेली बंदूकही सोडून देऊ शकतो. त्यामुळे अनेक ठिकाणी यंत्रच अधूनमधून एखाद्या बॅगेच्या चित्रात खोटी बंदूक घुसवतं आणि ती पकडली की तसं कळवतं. जे आम्ही चहा पिता पिता गंमत म्हणून करतो, ते तिथे डोळ्यांचा भरवसा टिकवायला मुद्दाम करावं लागतं.