परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आणि बंद घर

अपराध्यास तुरुंगात न धाडता देखरेखीखाली समाजातच राहू देणे, हे परिवीक्षेचे तत्त्व होय. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ६ अन्वये २१ वर्षांखालील अपराध्यास कारावास देण्यापूर्वी न्यायालयास परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो व आपली कारणे नमूद करावी लागतात. जन्मठेपेस पात्र अपराध मात्र यातून वगळले आहेत. १८ वर्षांखालील बालकाचे प्रकरण २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते यांच्या मंडळापुढे जाते. बालकास प्रथम हजर केल्यापासून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल सादर व्हावा, अशी तेथे अपेक्षा आहे.

सुमारे १७,००० चौरस किलोमीटर विस्ताराच्या अहिल्यानगर जिल्ह्यात या मुदतीची अडचण सहज ध्यानी येते. पाथर्डी-जामखेडकडील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे गळीत हंगामात घरास कुलूप लावून दूर जातात. अशा वेळी गृहभेटीस आलेल्या अधिकाऱ्यास शेजाऱ्यांच्या सांगीवर विसंबावे लागते. आणि पोटासाठी केलेले स्थलांतर अहवालात कुटुंबाची बेफिकिरी म्हणून नोंदले जाण्याचा धोका उद्भवतो. सारांश, कायद्याची उदारता अखेर अहवालाच्या सखोलतेवर अवलंबून आहे. बंद दारावरून घराची परीक्षा होऊ नये. तपासणी तोडणी कामगारांच्या कोपीपर्यंत पोहोचली पाहिजे.