विश्लेषण : पदवीदानाच्या मंचावर तेव्हा विद्यार्थीच का बोलत?

पदवीदानातील भाषण म्हटले की आज बहुतेकांना स्टीव्ह जॉब्ज आठवतात. २००५ मधले त्यांचे स्टॅनफर्डचे भाषण अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. बोलणार बाहेरचा नामवंत आणि ऐकणार विद्यार्थी, हीच पद्धत आता रूढ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मात्र चित्र उलटे होते. मंचावर विद्यार्थी बोलत आणि प्राध्यापक, पालक, गावातील प्रतिष्ठित मंडळी ऐकत.

ही पद्धत आली कुठून?

हार्वर्डसारख्या जुन्या महाविद्यालयांत सतराव्या शतकापासून पदवी घेणारे विद्यार्थी जाहीरपणे लॅटिनमध्ये वाद घालत. शिकलेले डोक्यात उतरले आहे, हे चारचौघांत सिद्ध करायचे. आजच्या इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर अंतिम वर्षाची ‘व्हायवा’, पण बंद खोलीऐवजी भर सभेत. पुढे लॅटिनची जागा बरीचशी इंग्रजीने घेतली आणि वक्तृत्व हा अभ्यासाचाच भाग झाला. निरोपाचे भाषण बहुधा वर्गातील पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी करी. ‘व्हॅलेडिक्टोरियन’ हा शब्द त्यातूनच आला. त्याचे लॅटिन मूळ ‘निरोप घेणे’ असे आहे.

मुलींना बोलू देत का?

सुरुवातीला नाही. ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालय मुलींना पदवी देणारे पहिल्या काही महाविद्यालयांपैकी एक. तिथे १८४७ मध्ये लुसी स्टोनला पदवीदानासाठी निबंध लिहायला सांगितले गेले, पण मंचावर तो वाचणार होता पुरुष. स्वतः वाचता येणार नसेल तर लिहिणारच नाही, असे सांगून तिने नकार दिला. पुढे ती स्त्री हक्कांच्या चळवळीतील गाजलेली वक्ती झाली आणि १८८३ मध्ये ओबर्लिनच्याच सुवर्णमहोत्सवात तिला भाषणासाठी बोलावण्यात आले.

तोवर काळ बदलला होता. जून १८९० मध्ये नेब्रास्कातील रेड क्लाउड या लहानशा गावातील हायस्कूलमधून तीनच विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यातली एक होती १६ वर्षांची विला कॅथर, पुढची प्रसिद्ध कादंबरीकार. गावच्या ऑपेरा हाऊसमध्ये तिने ‘अंधश्रद्धा विरुद्ध संशोधन’ या विषयावर भाषण केले. तिला तेव्हा डॉक्टर व्हायचे होते. त्यासाठी ती प्राण्यांचे विच्छेदन करून पाही आणि गावात काहींना ते मुळीच रुचत नव्हते. भाषणात तिने वैज्ञानिक प्रयोगांची ठाम बाजू घेतली. नाके मुरडणारे गाव समोर बसलेले असताना त्यालाच दिलेले हे उत्तर होते. स्थानिक वृत्तपत्राने ते छापलेही.

सर्वांत गाजलेले भाषण कोणाचे?

त्याच महिन्यात, २५ जून १८९० रोजी, हार्वर्डच्या सँडर्स थिएटरमध्ये २२ वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण बोलायला उभा राहिला. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. विषय होता जेफरसन डेव्हिस. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचा हा अध्यक्ष जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, डिसेंबर १८८९ मध्ये वारला होता.

डू बॉइसने त्याला शिव्या घालणे सोपे होते आणि श्रोत्यांची अपेक्षाही कदाचित तीच असावी. त्याने वेगळी वाट धरली. डेव्हिसला त्याने एका संस्कृतीचा नमुना म्हणून मांडले. ‘बलवान पुरुषा’ला डोक्यावर घेणारी, एकाच्या उत्कर्षासाठी इतरांना चिरडणे रास्त मानणारी ती संस्कृती. दोष एका माणसाचा नसून त्याला वीर ठरवणाऱ्या आदर्शाचा आहे, असा त्याचा रोख होता. माजी अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या पत्नी तेव्हा श्रोत्यांत होत्या. ‘द नेशन’ या साप्ताहिकाने भाषणातील संयमाचे कौतुक केले.

गंमत म्हणजे डू बॉइसचे हे तिसरे पदवीदान भाषण. १८८४ मध्ये शाळा सोडताना तो गुलामगिरीविरोधी वक्ते वेंडेल फिलिप्स यांच्यावर बोलला होता. १८८८ मध्ये फिस्क विद्यापीठात त्याने निवडला बिस्मार्क! विखुरलेल्या जर्मनांना एका राष्ट्रात बांधणारा हा पोलादी पुरुष तेव्हा त्याला आपल्या समाजासाठी आदर्श वाटला. दोनच वर्षांनी हार्वर्डमध्ये तो अशाच बलपूजेवर बोट ठेवत होता. विशीतल्या मुलाचा विचार कसा सरकला, हे या भाषणांमुळेच आज तारीखवार दिसते.

त्याच वर्षी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी आपल्या ‘क्लास डे’चा वक्ता म्हणून गुलामीत जन्मलेल्या क्लेमेंट मॉर्गनला निवडले होते. हा मान तोवर गोऱ्या विद्यार्थ्यांकडेच जात आला होता.

सगळीच भाषणे एवढी धारदार होती का?

छे! चारित्र्य, कर्तव्य, प्रगती असे गुळगुळीत विषय भरपूर असत. विल्यम जेनिंग्ज ब्रायन, जो पुढे तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक हरला, १८८१ मध्ये ‘चारित्र्या’वरच बोलला होता. काही विषय मात्र खास. १८९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स हायस्कूलमध्ये निरोपाच्या भाषणाचा मान दोघांत विभागला गेला. एलिनॉर व्हाइट संवादाच्या सामर्थ्यावर बोलली, तर रॉबर्ट फ्रॉस्ट मागाहून सुचणाऱ्या विचारांच्या महत्तेवर. तीन वर्षांनी या दोघांनी लग्न केले.

आपल्याकडे काय होते?

१८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात दीक्षान्त भाषण कुलपती, म्हणजे गव्हर्नर, किंवा कुलगुरू करीत. विद्यार्थ्याने झगा घालायचा, पदवी घ्यायची आणि ऐकायचे. याच विद्यापीठाचे पदवीधर न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये पहिले भारतीय कुलगुरू झाले, तेव्हा निदान बोलणारा माणूस इथला होता.

ही प्रथा मागे का पडली?

मुख्य कारण संख्या. तीन विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाला बोलता येते, तीनशेच्या नाही. वक्तृत्वाचे अभ्यासक्रमातील वजनही घटले आणि पाहुण्यांचे नाव मोठे होत गेले. प्रथा पुरती संपलेली नाही, हार्वर्डमध्ये आजही निवडक विद्यार्थी बोलतात. त्यातले एक भाषण अजूनही लॅटिनमध्येच होते. पदवी घेणाऱ्यांच्या हातात त्याचा छापील अनुवाद असतो, त्यामुळे विनोदावर ते अचूक हसतात आणि मागे बसलेले पालक एकमेकांकडे पाहत राहतात.