चेनसॉ घेताय? आधी लाकूड बघा, मग मशीन!



भोरच्या बॅचमध्ये वेल्ह्याकडचा एक तरुण होता. घरात पिढीजात सुतारकाम, हातात कला. फार्महाउस आणि रिसॉर्टसाठी लाकडी घुबडं, गणपती, नावाच्या पाट्या करायच्या, असा त्याचा विचार. विचार चांगलाच होता. पण गडी थेट ५८ सीसीचा, २२ इंची पात्याचा चेनसॉ घेऊन आला. का? ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून!

दोन दिवसांत मनगटं भरून आली. तिसऱ्या दिवशी पात्याचं टोक लाकडाला टेकलं आणि मशीन उसळून थेट खांद्याच्या वर गेलं. नशीब बलवत्तर, इजा झाली नाही. पण भीती बसली ती बसलीच. मशीन माळ्यावर गेलं आणि पैसे अडकले.

चूक कुठे झाली? त्याने झाड पाडायचं मशीन घेतलं आणि त्याला करायचं होतं कोरीवकाम.

किकबॅक समजून घ्या

पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की चेन अडकते आणि मशीन मागे, तुमच्या तोंडाकडे उसळतं. यालाच किकबॅक म्हणतात. आता गंमत बघा, कोरीवकामात सगळं काम टोकानेच असतं! म्हणून त्यासाठी कार्व्हिंग बार वेगळा मिळतो. त्याचं टोक एकदम निमुळतं असतं, त्यामुळे उसळी खूप कमी होते आणि डोळे, पंख असं बारीक कामही जमतं.

मग घ्यायचं काय?

नवशिक्याला ३० ते ३५ सीसीचं, चार-साडेचार किलोचं मशीन पुरतं. पातं १२ ते १४ इंची. दुकानात हे तीन प्रश्न विचाराच:

१. याला कार्व्हिंग बार, पाव इंच पिचची चेन आणि त्याला जुळणारं स्प्रॉकेट मिळेल का?
२. चेन ब्रेक आहे का? समोर चालवून दाखवा.
३. सुटे भाग आणि दुरुस्ती भोरला किंवा पुण्यात कुठे होते?

तिसऱ्या प्रश्नाला दुकानदार गप्प बसला, तर तुम्ही तिथून उठा. ऑर्डर हातात असताना मशीन बंद पडलं तर गिऱ्हाईक थांबत नाही.

घराजवळ शेड आहे आणि व्होल्टेज बरं आहे? मग विजेवरचा चेनसॉही चालेल. आवाज कमी, धूर नाही. पण पावसाळ्यात वेल्ह्याकडे लाइटचा भरवसा किती, ते तुम्हीच मला सांगा!

पेट्रोलच्या मशीनला टू-स्ट्रोक ऑइल पुस्तिकेत दिलंय त्याच मापाने घाला. ५० ला १ लिहिलं असेल, तर एका लिटरला २० मिली. चेनचं तेल वेगळं, त्याची टाकीही वेगळी. आणि चेनच्या मापाची गोल कानस घ्या. भुसा पिठासारखा पडायला लागला की समजा धार गेली.

हेल्मेट-जाळी, कानाचं संरक्षण, चेनसॉची खास पँट आणि जाड बूट हे मशीनच्याच बजेटमध्ये धरा. एकट्याने काम करू नका.

लाकूड कुठलं?

सुरुवात आंबा किंवा शिवणीवर करा, कोरायला सोपं जातं. बाभूळ, जांभूळ नंतर. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना मेण किंवा जुना रंग लावा, म्हणजे चिरा कमी पडतात. आंब्याला कीड लवकर लागते, म्हणून फार दिवस पावसात पडू देऊ नका.

आणि झाड तुमच्याच बांधावरचं असलं तरी परवानगी लागू शकते. आंबा, फणस, हिरडा ही झाडं १९६४ च्या राज्याच्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. तोडण्याआधी आणि माल हलवण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या.

आता हिशोब

समजा मशीन, बार आणि सुरक्षेचं सामान मिळून ३५,००० रुपये लागले. एक घुबड २,५०० ला गेलं. लाकूड, पेट्रोल, पॉलिश ७०० गेले, उरले १,८००. म्हणजे २० नगांत भांडवल वसूल! बरोबर?

चूक! तुमची दोन दिवसांची मजुरी कुठे गेली? रोजचे ६०० धरले तर १,२०० गेले आणि हातात ६०० उरले. म्हणजे भांडवल सुटायला ५९ नग लागतील. स्वतःची मजुरी फुकट धरणारा कारागीर धंदा करत नाही, तो गिऱ्हाइकाला देणगी देतो.

पारंपरिक सुतारकाम किंवा मूर्तिकाम करत असाल तर पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिलं १ लाखापर्यंतचं कर्ज, अशी तरतूद त्यात आहे.

तो तरुण? त्याने मोठं मशीन ओंडके कापणाऱ्या एकाला विकलं आणि छोटं घेतलं. पहिले दहा नग त्याने विकलेच नाहीत, हात बसेपर्यंत नुसते कोरले. अकराव्याला गिऱ्हाईक मिळालं.

मशीन महिन्याभराने घेतलं तरी चालेल, मित्रांनो. पण हिशोबाची वही आजच घ्या!