तीन सुताला थोडं कमी

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कुठल्याही वर्कशॉपमध्ये शिरा, टेबलावर एखादा व्हर्नियर पडलेला असतोच. त्याचे जबडे उघडून काटा ९ मिलिमीटरवर आणा. जुन्या फिटरच्या भाषेत हे माप तीन सुताला थोडं कमी, आणि स्वयंपाकघराच्या भाषेत टपोऱ्या काबुली चण्याएवढं. जगातल्या बहुतेक सैन्यांनी आणि पोलीस दलांनी पिस्तुलासाठी हेच माप पसंत केलं आहे. त्याच मापात, खिशात मावेल एवढं छोटं पिस्तूल करायचं म्हटलं तर काय काय गमवावं लागतं, त्याचा हिशेब फार मजेदार आहे. तो मांडायला सातवी-आठवीचं गणित पुरतं.

आधी काडतूस. जर्मनीतल्या गेओर्ग लुगरनं विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ते घडवलं. गोळीचा व्यास ९ मिलिमीटर, पुंगळीची लांबी १९ मिलिमीटर. गोळीचं वजन साधारण ८ ग्रॅम. तिच्यामागे दारू किती, तर ग्रॅमचा तिसरा हिस्सा, म्हणजे मिठाची चिमूट. ही चिमूट पेटली की गोळी सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगानं बाहेर पडते, आवाजाच्याही किंचित पुढे. ऊर्जेचा हिशेब केला तर सुमारे ४९० ज्यूल येतात. ४९० ज्यूल म्हणजे किती? कागलच्या शाहू साखर कारखान्याच्या गोदामात हमाल ५० किलोचं पोतं जमिनीवरून मीटरभर वर उचलतो, तेव्हा पोत्याला नेमकी एवढीच ऊर्जा मिळते. चिमूटभर दारू साखरेचं पोतं उचलते, आणि तेही सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात!

त्या क्षणी पुंगळीच्या आत दाब चढतो तो हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींहून वर. तुमच्या गाडीच्या टायरमधल्या हवेशी तुलना केली तर साधारण हजारपट. नळीच्या आत पिळाचे आटे कोरलेले असतात. त्यांतून निघताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते, साधारण २५ सेंटिमीटरला एक फेरी. ऐकायला हे सावकाश वाटतं, पण सेकंदाला ३५० मीटरनं गुणून बघा: मिनिटाला ८० हजारांहून जास्त फेरे. लेथचा चक दोन हजारांवर गेला की आपण दोन पावलं मागे सरतो. या फिरण्यामुळेच गोळी भोवऱ्यासारखी आपला रोख धरून राहते.

आता खरी करामत. एवढा दाब आत असताना पिस्तूल उघडलं तर पुंगळी फाटेल आणि हाताला इजा होईल. आणि उघडलं नाही तर दुसरी गोळी भरणार कशी? यावर अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगनं शोधलेला उपाय आजही जवळपास प्रत्येक ९ एमएम पिस्तुलात दिसतो. गोळी सुटताना नळी आणि तिच्यावरची सरकती स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात. दोघी मिळून मागे येऊ लागतात. काही मिलिमीटर सरकेपर्यंत गोळी बाहेर पडलेली असते आणि दाब ओसरलेला असतो. मग नळीची शेपटी खाली झुकते, अडक सुटते आणि स्लाइड एकटीच मागे जाते. जाताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते. स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते, येताना ती मॅगझिनमधलं वरचं काडतूस नळीत सारते. पापणी लवायच्या आत सगळं उरकतं. यात कुठेही वीज नाही की मोटर नाही, नुसता गोळीचा धक्का.

ब्राउनिंग १९२६ साली वारला. त्याचं अर्धवट राहिलेलं काम बेल्जियमच्या द्यूदोने सेव्ह यानं पुरं केलं आणि १९३५ मध्ये 'हाय पॉवर' पिस्तूल आलं. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं लष्कराचं ९ एमएम पिस्तूल याच घराण्यातलं.

नऊशे ग्रॅम कमरेला दिवसभर वागवायचे म्हणजे ओझंच. म्हणून कारखान्यांनी कापाकापी सुरू केली. १९८०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या ग्लॉकनं पोलादी सांगाड्याच्या जागी प्लास्टिकचा सांगाडा आणला. १९८८ मध्ये त्यांचं 'कॉम्पॅक्ट' आलं: नळी १०२ मिलिमीटर, १५ गोळ्या, रिकामं वजन सुमारे ६०० ग्रॅम. पुढे २०१८ मध्ये सिग कंपनीचं पी३६५ आलं: नळी ७९ मिलिमीटर, १० गोळ्या, वजन अर्धा किलो. लिटरभर पाण्याची एक बाटली उचलून बघा, ती याच्या दुप्पट भरेल. लोक हरखले. पण काडतूस तेच राहिलं. पोतंही जवळपास तेच ५० किलोचं. मग कापलेल्या प्रत्येक सेंटिमीटरचं देणं कोण फेडणार? हात.

पहिला हप्ता धक्क्याचा. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोरानं पिस्तूल मागे येतं. वायूचा धक्का बाजूला ठेवला तरी ९०० ग्रॅमचं पिस्तूल सेकंदाला सुमारे ३.१ मीटर वेगानं मागे येऊ पाहतं, ५०० ग्रॅमचं ५.६ मीटर वेगानं. हाताला जी ऊर्जा पचवावी लागते ती सुमारे ४.४ ज्यूलवरून ७.८वर जाते. वजन निम्म्याजवळ आणलं, पण दणका पावणेदोनपट झाला. शिवाय मूठ आखूड झाल्यानं करंगळीला धरायला जागाच उरत नाही. स्लाइडला मागे येण्यासाठी खालचा सांगाडा घट्ट धरलेला लागतो. मनगट सैल पडलं तर ती पुरती मागे जात नाही, आणि पुंगळी तोंडातच अडकते. हलक्या पिस्तुलात हे जास्त घडतं.

दुसरा हप्ता नेमाचा. पिस्तुलावर पुढे 'माशी' असते आणि मागे खाच. खाचेतून माशी बरोबर मध्ये दिसली पाहिजे. या दोहोंतलं अंतर जितकं जास्त तितकी चूक कमी. ऑलिंपिकच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात हे अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर चालतं. तिथल्या अचूकतेच्या फेरीत दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे मध्यापासून चारी बाजूंना २५ मिलिमीटर. त्रैराशिक मांडा: माशी खाचेच्या मध्यापासून ०.२२ मिलिमीटर सरकली की गोळीचा मध्य दहाच्या कडेवर. वर्कशॉपच्या बोलीत २२० मायक्रॉन. झेरॉक्सच्या कागदाची दोन पानं एकावर एक ठेवली तर जवळपास तेवढीच जाडी. लहान पिस्तुलात माशी-खाचेचं अंतर १३० मिलिमीटरपर्यंत खाली येतं आणि तीच सूट १३० मायक्रॉनवर. हातात धरलेल्या, श्वासासरशी हलणाऱ्या वस्तूकडून आपण टूलरूमची अचूकता मागतो आहोत!

तिसरा हप्ता चापाचा, आणि तो सगळ्यांत मजेशीर. खेळाच्या २५ मीटर पिस्तुलाचा चाप किमान एक किलोच्या ओढीनं सुटावा असा नियम आहे. त्या पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे ओढ वजनाहून कमी ठेवता येते. संरक्षणासाठीच्या छोट्या पिस्तुलाचा चाप चुकून ओढला जाऊ नये म्हणून बहुधा अडीच किलोचा ठेवतात. आता चित्र डोळ्यासमोर आणा: सहाशे ग्रॅमची वस्तू तसूभरही हलू द्यायची नाही, आणि तिचाच एक भाग तिच्या चौपट जोरानं ओढायचा. वाटीतलं ताक न हिंदकळू देता त्याच वाटीला जडवलेली घट्ट कडी ओढण्यासारखं हे काम आहे.

हे काम माणसाला साधतं, आणि त्याची साक्ष आपल्या कोल्हापुरातच आहे. राही सरनोबत हिनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकारात हात खाली ४५ अंशांवर धरून उभं राहायचं. लाल दिवा सात सेकंद, हिरवा तीन सेकंद. त्या तिनांत हात उचलायचा, माशी खाचेत आणायची, चाप ओढायचा, एकच गोळी. अंतिम फेरीत १०.२ किंवा त्याहून जास्त गुणांचा नेम लागला तरच तो धरतात. राही आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून दोघींचे ५० पैकी ३४ नेम लागले. टायब्रेक झाला, त्यातही ४-४. दुसऱ्या टायब्रेकमध्ये राही ३, नफास्वान २. सुवर्णपदक एका गोळीनं ठरलं.

आणि त्या गोळीचं माप? पॉइंट टूटू, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. ऑलिंपिकच्या नेमबाजीत ९ एमएमला जागाच नाही, कारण तिथे दणका हा फक्त अडथळा असतो. रेंजवर मजेनं, शिकण्यासाठी, हजारो गोळ्या झाडायच्या तर जड पिस्तूल आणि हलकी गोळी हीच जोडी खरी. छोटं ९ एमएम रेंजवर परीक्षा घेतं, शिकवत मात्र फारसं नाही.

मग संरक्षणासाठी? इथे गणितापाठोपाठ कायदा येतो. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार ९ एमएम पिस्तूल 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडतं. सामान्य नागरिकाला जिल्हाधिकाऱ्यांकडून परवाना मिळाला तरी तो पॉइंट थर्टीटूसारख्या बोअरचा. त्या गोळीची ऊर्जा ९ एमएमच्या निम्म्याहूनही कमी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात, आणि निवडणूक जाहीर झाली की तीसुद्धा पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ पासून पुढे आहे, पण त्यालाही कुंपण आहे: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. शिवाय ९ एमएमची गोळी पत्र्याच्या भिंतीशी थांबत नाही. आपल्याकडे भिंतीला भिंत लागलेली घरं. पलीकडे शेजाऱ्याचं पोर झोपलेलं असतं.

ज्यांच्या हाती ९ एमएम द्यायचं ठरलेलंच आहे, त्या जवानांसाठी एक वेगळंच उत्तर शोधलं गेलं. महूच्या इन्फन्ट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याच्या पाषाणमधली डीआरडीओची एआरडीई प्रयोगशाळा यांनी मिळून चार महिन्यांत 'अस्मि' हे ९ एमएम मशीन पिस्तूल उभं केलं. जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झालं. त्यांनी नळी कापली नाही, ती आठ इंच ठेवली. वजन वाचवलं ते सामग्रीत: वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. चापाचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगनं केले. सगळं मिळून दोन किलोच्या आत, आणि एका नगाचा खर्च पन्नास हजारांखाली राहील असा अंदाज. त्याचं उत्पादन हैदराबादच्या लोकेश मशीन्सकडे गेलं, जी मुळात सीएनसी मशीनं बनवणारी कंपनी. कागलच्या शॉपफ्लोअरवरच्या माणसाला यात आश्चर्य वाटायचं नाही. शेवटी सगळा खेळ मायक्रॉनचा आहे.

तर हिशेब असा जमतो. रोज सराव करणाऱ्या, गणवेशातल्या माणसासाठी मध्यम आकाराचं ९ एमएम हा उत्तम सौदा आहे. अगदी चिमुकलं घ्यायचं तर त्याला दुप्पट सराव हवा. नेमबाजी शिकणाऱ्यासाठी ते चुकीचं पहिलं हत्यार. आणि रात्री दाराशी कुणी आलंच, तर कागलकराला भक्कम कडी, जागा शेजारी आणि ११२ नंबर हे तिन्ही पिस्तुलाच्या आधी उपयोगी पडतात.

कुतूहल मात्र मारू नका. घरातल्या पोराला पिस्तुलाचं वेड असेल तर त्याला कोल्हापुरात एखाद्या एअर पिस्तूलच्या रेंजवर न्या. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलीत कांस्य जिंकणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, सगळे याच जिल्ह्यातले. तिथे दारू नाही, दणका नाही. दहा मीटरवर लक्ष्य असतं, दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. छऱ्याचं माप साडेचार मिलिमीटर, म्हणजे बरोबर नऊचं अर्धं.